तिसरी वायर

बडोद्यातल्या एका रुग्णालयात माझ्या हाती संमतीपत्र आलं आणि सोबत सूचना: 'तुम्ही भाषांतर करता ना, मग बाबांना मराठीत समजावून सांगा.' बाबांच्या छातीत आठ वर्षांपासून पेसमेकर होता. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली येणारा विजेचा संदेश पूर्ण अडला होता, म्हणून बसवलेला. पेसमेकर चोख चालत होता. हृदय मात्र फुगत आणि थकत गेलं. जिना चढला की दम लागे, रात्री दोनऐवजी तीन उशा लागत. आता नवं यंत्र बसवायचं होतं आणि आधीच्या दोन वायरींच्या जोडीला तिसरी वायर घालायची होती. कागदावर दोन शब्द ठळक होते: 'हार्ट फेल्युअर' आणि 'रीसिंक्रोनायझेशन'. पहिल्याचं 'हृदय निकामी होणं' असं मराठी सर्रास छापलं जातं. बाबांसमोर ते माझ्या तोंडून निघेना. दुसऱ्यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हता.

बाबांचा प्रश्न साधा होता. 'मशीन ठीक होतं, तर हृदय कशानं बिघडलं?' त्याचं उत्तर शोधता शोधता मी १९०६पर्यंत मागे गेले.

त्या वर्षी जर्मनीत सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरचं पुस्तक निघालं. मारबुर्गला लुडविग आशोफ यांच्या हाताखाली ते काम करत होते. दोघांना मुळात 'हेर्त्सश्वेखे'ची कारणं शोधायची होती. या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ हृदयाची अशक्तता. त्यात नापास होणं नाही, निकामी होणं नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एक जुडगा विल्हेल्म हिस यांनी १८९३मध्ये दाखवला होता. तावारांनी हृदयाचे पातळ काप एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली पाहत त्याचा माग काढला. वर एक गाठ, तिथून निघणारं खोड, खोडाच्या उजव्या-डाव्या फांद्या आणि टोकाला पुर्किंये तंतूंचं जाळं. या झाडातून संदेश इतका झरझर पसरतो की खालचे दोन्ही कप्पे जवळजवळ एकदमच आकसतात. निरोगी हृदयात संदेश सगळीकडे पोचायला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास वेळ लागतो.

झाड सोडून भलतीकडूनच संदेश दिला तर काय होतं? अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल विगर्स यांनी १९२५मध्ये ते दाखवून दिलं. कृत्रिम विद्युत-धक्का स्नायूतूनच पेशीमागून पेशी रखडत जातो, आणि आकुंचन मंद व दुबळं होतं. माझ्या मते बाबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच होतं, पहिला पेसमेकर बसण्याच्या ३३ वर्षं आधी.

पण त्या पहिल्या पेसमेकरच्या वेळी प्रश्न जिवंत राहण्याचा होता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळ ओके सेनिंग या शल्यविशारदाने रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलेलं यंत्र आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलं. ते काही तासांतच बंद पडलं. लार्सन पुढे २६ पेसमेकर वापरून ८६ वर्षं जगले. पुढच्या काळात वायर शिरेतून उजव्या खालच्या कप्प्यात सोडण्याची सोपी रीत रुळली. ठोके मोजून मिळाले की काम झालं, असं बराच काळ मानलं गेलं.

इथे मला घरातली चादर आठवली. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळायची, एकाच वेळी. एकाने पीळ द्यायचा आणि दुसऱ्याने तेव्हा दुसरीकडे बघायचं, मग त्याने उशिरा पीळ द्यायचा. दमणूक तेवढीच, पाणी मात्र चादरीतच. उजवीकडून ठोका दिला की मधला पडदा आधी आकसतो आणि डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत मागाहून. तावारांच्या झाडाची डावी फांदी निकामी झालेल्यांचंही तसंच होतं.

म्हणून तिसरी वायर. १९९४मध्ये फ्रान्समधल्या सेर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी हृदय अतिशय अशक्त झालेल्या ५४ वर्षांच्या एका रुग्णाच्या चारही कप्प्यांना ठोके दिल्याचं प्रसिद्ध केलं. डाव्या कप्प्याच्या आत वायर सोडणं धोक्याचं, कारण तिथे धरलेली गुठळी थेट मेंदूत जाऊ शकते. मग हृदयाच्या पाठीवरून फिरणाऱ्या शिरांमध्ये वायर सरकवून डावी भिंत बाहेरून गाठण्याची रीत आली.

२००१च्या एका युरोपीय चाचणीतली गोष्ट मला फार आवडली. यंत्र सगळ्यांना बसवलं. तीन महिने ते दोन्ही बाजूंना ठोके देई, तीन महिने देत नसे, आणि कधी काय हे रुग्णाला ठाऊक नसे. शेवटी विचारलं, कोणते तीन महिने बरे गेले? ८५ टक्क्यांनी दोन्ही बाजूंच्या ठोक्यांचे महिने निवडले. सहा मिनिटांत चालण्याचं सरासरी अंतर ३२६ मीटरवरून ३९९वर गेलं होतं. २००५मध्ये ८१३ रुग्णांवरच्या 'केअर-एचएफ' चाचणीत नुसत्या औषधांवर ३० टक्के दगावले, यंत्र असलेल्यांपैकी २०. सर्वांनाच गुण येतो असं नाही. विजेचा संदेश मुळात नीट पसरत असेल तर तिसऱ्या वायरीला करण्यासारखं काही उरत नाही.

उजवीकडून सतत दिलेले ठोके काहींचं हृदय थकवतात, हे २००२च्या 'डेव्हिड' चाचणीनंतर उघड बोललं जाऊ लागलं. बाबांना पेसमेकर लागणारच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो बसवताना हा धोका आम्हाला कुठल्याच भाषेत कुणी सांगितला नव्हता.

तावारांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर निघालं २०००मध्ये, ९४ वर्षांनी. त्याच वर्षी अमेरिकेत प्रमोद देशमुख (आडनाव वाचून मी पान परत वर सरकवलं) आणि सहकाऱ्यांनी थेट हिस यांच्या जुडग्यालाच कायमचे ठोके देण्याची रीत मांडली. १८ रुग्णांपैकी १२ जणांत ती जमली. पुढे चीनमध्ये वेइज्यान हुआंग डाव्या फांदीपर्यंत पोचले.

बाबांना मी सांगितलं, 'तुमचं हृदय अशक्त झालंय. त्याच्या दोन बाजूंचा मेळ पुन्हा बसवायचा आहे.' चादरीचंही सांगितलं. ते म्हणाले, 'मग माझं दुसरं टोक इतकी वर्षं कुणी धरलंच नव्हतं म्हण की.' आणि इंग्रजी कागदावर मराठीत सही केली.