आधी कोण? फ्लॉपी, हार्ड डिस्क आणि जोशींचा वाढदिवस

ग्लासगो सेंट्रलहून वेमिस बेच्या गाडीत बसलात, की ग्रीनॉकच्या टोकाला एक ओसाड फलाट दिसतो. स्टेशनाचे नाव 'आयबीएम'! २०१८ पासून तिथे गाडी थांबत नाही, आणि ज्याच्यासाठी ते बांधले तो कारखानाही उरलेला नाही. १९८० च्या दशकात युरोपात खपणारे आयबीएमचे पीसी इथे तयार होत. त्या पीसीने जगाला एक सवय लावली. बटण दाबल्यावर आधी कुठल्या डिस्ककडे बघायचे, ही ती सवय. तिचीच ही गोष्ट.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. यंत्र सुरू झाले की 'ए' ड्राइव्हमधल्या फ्लॉपीकडे बघायचे. तिथे काही सापडले नाही, तर आपल्याच चिपमधली बेसिक भाषा सुरू करायचे. १९८३ च्या 'एक्सटी'त १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपींनी घेतलेली, म्हणून ती झाली 'सी'. पण अग्रपूजेचा मान 'ए'कडेच राहिला. कारण साधे होते. कोऱ्या हार्ड डिस्कवर डॉस चढवायचा तर फ्लॉपीवरूनच, आणि हार्ड डिस्क रुसली तर सुटकेचा मार्गही फ्लॉपीच.

गोम इथेच होती. बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा मेमरीत आणतो आणि सगळी सूत्रे त्याच्या हाती देतो. तेव्हा तो 'तू कोण, कुठला' असे विचारत नसे. दारात जो पहिला उभा, तोच घरमालक!

१९८६ मध्ये लाहोरच्या अल्वी बंधूंच्या 'ब्रेन' व्हायरसने हीच जागा पकडली. मग १९९० मध्ये भारतात सापडला 'जोशी'! ५ जानेवारीला यंत्र अडून बसे आणि पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा म्हणून हुकूम येई. निमूटपणे शुभेच्छा दिल्या की काम पुढे सुरू. (जोशी गुजरातेत आणि कुमाऊंतही आहेत, तेव्हा लगेच आपल्या जोशीकाकांकडे बघू नका!)

लोकांचा समज असा, की नुसती पत्रे ठेवलेल्या फ्लॉपीत व्हायरस कुठून येणार? पण तो पहिला तुकडा प्रत्येक फ्लॉपीवर असतोच. रात्री फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिली आणि सकाळी यंत्र सुरू केले, की 'जोशी' हार्ड डिस्कवर जाऊन बसायचा आणि पुढे घातलेल्या फ्लॉपींवरही चढायचा. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबूनही तो मेमरीतून हलत नसे. उपाय एकच. वीज पूर्ण बंद करायची आणि खाचेवर चिकटपट्टी लावलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे. म्हणजे ज्या दारातून चोर आला, त्याच दारातून पोलिसालाही आणायचे.

अशा दुरुस्त्यांतूनच पुण्यात एक उद्योग उभा राहिला. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. धाकटे बंधू संजय यांनी व्हायरस काढण्याचे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून 'क्विक हील' जन्मले. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले.

दरम्यान बायॉसच्या सेटिंगमध्ये क्रम बदलण्याची सोय आली. 'सी' आधी, 'ए' नंतर. एवढ्या एका बदलाने विसरलेल्या फ्लॉपीचा धोका टळला. पुढे सीडी आली, मग यूएसबी. आता बायॉसच्या जागी यूईएफआय आहे आणि त्यातले 'सिक्युअर बूट' आधी सही तपासते, मगच सूत्रे देते.

तेव्हा जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवायला मुलगा क्रम बदलू लागला, तर ओरडू नका. काम झाल्यावर क्रम पूर्ववत कर, एवढे मात्र आवर्जून सांगा. दार उघडायला हरकत नाही, पण रात्री कडी लावली की नाही, ते घरच्यांनीच बघायचे असते.