किरणोत्सारी बीजारोपणाचे नियोजन आणि अस्थिवेदना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

कर्करोग हाडांत पसरला की रुग्णाच्या वाट्यास तीव्र वेदना येतात. अशा हाडांत आयोडिन-१२५ ची बीजे रोवून वेदनाशमन करण्याचा उपचार विशेषतः चीनमध्ये रूढ झाला. मात्र बीज कोठे रोवावे, हा प्रश्न त्याहून बराच जुना आहे.

१८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला आणि १९०३ मध्येच, टेलिफोनमुळे ख्यातकीर्त झालेल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी रेडियम काचेच्या नळीत घालून थेट गाठीत ठेवावे, असे सुचविले. पुढे न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये फायला या भौतिकशास्त्रज्ञाने रेडॉन वायूची सुवर्णवेष्टित बीजे तयार केली. तरीही त्यांची मांडणी बव्हंशी शल्यचिकित्सकाच्या अनुभवावरच अवलंबून असे.

या अनुभवाला नियमांची चौकट दिली ती मँचेस्टरने. तेथे राल्स्टन पॅटरसन व हर्बर्ट पार्कर यांनी १९३४ पासून आपली कोष्टके प्रसिद्ध केली. बीजे सारख्या अंतरावर पेरल्यास गाठीच्या मध्यभागी किरणमात्रा वाढते आणि कडा उपाशी राहतात. म्हणून घनाकार गाठीत सुमारे तीन चतुर्थांश द्रव्य बाह्य आवरणात व उरलेले गाभ्यात ठेवावे, असा त्यांचा दंडक होता. समान मात्रेसाठी असमान पेरणी! न्यूयॉर्कमध्ये एडिथ क्विंबी यांनी मात्र समान वाटपाची पद्धत स्वीकारून मध्यभागातील अधिक मात्रा मान्य केली.

१९६० च्या दशकात आयोडिन-१२५ ची बीजे आली. संगणक व सीटी स्कॅन यांमुळे प्रत्येक बीजाचे स्थान आधीच ठरविणे शक्य झाले. १९९५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने मात्रागणनेचे जे सूत्र दिले, ते मात्र शरीर म्हणजे पाणी असे गृहीत धरते. मृदू ऊतींत हे बव्हंशी चालून जाते. हाडातील कॅल्शियम या बीजांचे अल्पऊर्जेचे किरण पाण्यापेक्षा कितीतरी अधिक शोषून घेते. त्यामुळे कण्यातील गाठीच्या आराखड्यातील आकडे अंदाजवजाच मानावे लागतात, आणि शेजारी मेरुरज्जू असतो.

मग बाहेरून दिलेला किरणोपचार का नको? त्याची ८ ग्रेची एकच मात्राही वेदना कमी करण्यात अनेक दिवसांच्या उपचाराइतकीच परिणामकारक ठरली आहे. त्यामुळे बीजारोपणाचा विचार मुख्यतः पूर्वीच्या किरणोपचाराने मेरुरज्जूची सहनमर्यादा संपत आली असेल तेथे होतो. तेथेही काळाची अडचण उरते. रेडॉनचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा होता, आयोडिन-१२५ चा सुमारे ५९ दिवसांचा आहे. नियोजित मात्रेचा निम्मा भाग मिळण्यास जवळजवळ दोन महिने लागतात. आराखड्यातील पूर्ण मात्रा, रुग्ण त्यापुढेही अनेक महिने जगेल, हे गृहीत धरूनच मांडलेली असते.