नखाएवढ्या टोपीची कुळकथा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे लागलो की आमची जुनी गाडी एक खोडी करायची. घाटभर दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून उतरायचं. खाली सपाटीला येऊन पहिल्यांदा पाय दाबला की मागून निळ्या धुराचा भपकारा. आरशात मागचा मोटारसायकलवाला नाकाला रुमाल लावताना दिसे. सकाळी पहिल्यांदा चालू करतानाही तेच. एरवी दिवसभर शहाण्यासारखी चाले.

कराडच्या मेस्त्रींनी धूर किती, कसला, हे विचारलंच नाही. एकच प्रश्न केला, "चढाला मारतीय का उताराला?"

"उताराला."

"मग रिंगा चांगल्या हायत. वॉल सील गेलीत. हेड उतरवाया लागंल, दोन दिवस गाडी सोडा."

हृदयाला झडप असते, इंजिनाला 'वॉल'. पाठ्यपुस्तकात दोन्हीकडे झडपच लिहितात, पण 'झडप सील' म्हणून दुकानात मागितलं तर कुणी देणार नाही. वॉल सील म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसणारी रबराची टोपी. अंगठ्याच्या नखाएवढी. दांडा ज्या नळीतून खालीवर होतो ती नळी म्हणजे गाईड, आणि गाईडच्या तोंडावर ही टोपी. आमच्या गाडीत तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, म्हणून सहा टोप्या.

मेस्त्रींच्या प्रश्नाचं मर्म नंतर लक्षात आलं. उताराला हवेची वाट बंद असते आणि पिस्टन मात्र श्वास ओढतच असतो. ती ओढ इतकी असते की मिळेल त्या फटीतून काहीही आत येतं. टोपी म्हातारी झालेली असली की हेडवरचं, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरच्या झाकणावरचं, तेल गाईडमधून आत उतरतं, आणि पुन्हा पाय दाबला की जळून बाहेर पडतं. चढाला जोर लावताना धूर आला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर. निदान एका वाक्यात झालं होतं.

या टोपीचं घराणं फार जुनं नाही. इंजिन आधी जन्मलं, टोपी कितीतरी नंतर. निकोलाउस ओटोच्या १८७६ च्या इंजिनात हवा आणि गॅस आत येत ते सरकत्या पट्टीतून. दांड्याचा व्हॉल्व्ह रुळला तरी टोपीची गरज पडली नाही, कारण व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला उभा असे, तोंड वर आणि दांडा खाली. फोर्डची मॉडेल टी अशीच होती. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या बनल्या त्या याच रचनेच्या. तेल तळाशी, गाईड त्याच्या वर. तेलाला आत जायचं तर चढून जावं लागे.

हा क्रम उलटा केला तो एका नळकामवाल्याने. डेव्हिड डनबार ब्यूक जन्माने स्कॉटिश, धंदा डेट्रॉइटमध्ये. बिडाच्या न्हाणीटबांवर एनॅमल चढवण्याची पद्धत बसवून त्याने नाव आणि पैसा दोन्ही कमावलं होतं. ते सोडून तो मोटारींच्या नादाला लागला. त्याच्या कंपनीने १९०४ मध्ये विकलेल्या गाडीत व्हॉल्व्ह बाजूला नव्हते, थेट हेडमध्ये होते. वाट सरळ झाल्याने इंजिन मोकळा श्वास घेऊ लागलं. ब्यूकला स्वतःला मात्र त्यातून फारसं काही मिळालं नाही. त्याच्या नावाच्या गाड्या आजही विकल्या जातात आणि तो गरिबीत गेला.

उभ्या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये गेला म्हणजे दांडा वर आणि तोंड खाली. आता तेलाला चढायची गरज उरली नाही, नुसतं घसरायचं. तरीही टोपी लगेच आली नाही, कारण वर तेलच नव्हतं. १९१५ च्या शेव्हरोले ४९० मध्ये (४९० ही तिची डॉलरमधली किंमत) व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आणि त्यांच्या स्प्रिंगा उघड्यावर असत, धूळ खात, टकटक करत. तेलाचं बुधलं घेऊन मालकाने अधूनमधून थेंब सोडायचे. शिवणयंत्राला सोडतात तसे.

पुढे रॉकरवर झाकण आलं आणि झाकणाखाली पंपाने तेल चढवायची सोय झाली. रॉकरना सुख झालं, आवाज गेला, झीज कमी झाली. पण गाईडच्या तोंडाशी तळं साचलं. टोपी जन्माला आली ती या सुबत्तेतून. तेल कमी होतं तेव्हा तिची कुणाला आठवण नव्हती.

पहिला उपाय फार साधा होता. नील्स क्रिस्टनसेन नावाच्या डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या यंत्रज्ञाने वयाच्या सत्तरीनंतर ओ-रिंगचं पेटंट मागितलं. अर्ज १९३७ चा, पेटंट १९३९ चं. विमानांपासून नळांपर्यंत सगळीकडे गेलेली ही रबरी बांगडी व्हॉल्व्हच्या दांड्यावरही येऊन बसली. १९५५ च्या शेव्हरोले व्ही-८ मध्ये दांड्याच्या टोकाजवळ तिच्यासाठी वेगळी खाच असे. दुसरा प्रकार छत्रीचा. रबराची छत्री दांड्याबरोबर खालीवर होते आणि तेल गाईडच्या बाहेर पागोळीसारखं गाळते. तिसरा प्रकार आजचा. टोपी गाईडवर घट्ट बसून राहते, तिच्या ओठाभोवती बारीक स्प्रिंगचं कडं असतं आणि खालीवर होणारा दांडा तो ओठ पुसत राहतो.

पुसतो, पण कोरडा करत नाही, आणि सगळी खुबी इथेच आहे. दांडा पूर्ण कोरडा राहिला तर गाईडमध्ये घासून चिकटेल, जळेल. म्हणून ठरावीक तेल तिने खाली सोडलंच पाहिजे. सील म्हणजे बंदोबस्त असा आपला समज. ही बाई बंदोबस्त करत नाही, रेशन वाटते.

बाकी इतिहास रबराचा आहे. नायट्राइल रबर १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालं. तेलाला दाद देत नाही, पण सततच्या उष्णतेत कडक होतं. ड्यूपाँ कंपनीने १९५७ मध्ये व्हायटन बाजारात आणलं. ते दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासही मऊ राहतं, म्हणून आज चांगल्या टोप्या त्याच्या. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि टोपीवरची जबाबदारी वाढली. जळलेल्या तेलातला फॉस्फरस त्या कन्व्हर्टरला निकामी करतो.

आता दोन दिवसांच्या गोष्टीकडे. हेड उतरवायचं कारण टोपी नव्हेच. ती वरूनच निघते. अडचण अशी की ती स्प्रिंगच्या आत असते आणि स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह निराधार होऊन सिलिंडरमध्ये पडतो. पडला की मग हेड उतरवावंच लागतं. म्हणजे प्रश्न एवढाच, की हेड जागेवर असताना व्हॉल्व्हला खालून हात कोणी द्यायचा?

याची दोन घरगुती उत्तरं आहेत. एक हवेचं. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनीमाती फोडून काढायची, उरलेल्या लोखंडी कड्याला हवेची नळी जोडायची आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने सिलिंडर फुगवून ठेवायचा. हवा व्हॉल्व्हला वर दाबून धरते. पण कॉम्प्रेसर आटपला की व्हॉल्व्ह गेला. दुसरं उत्तर दोरीचं. प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी वेटोळी करत आत सारायची आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून पिस्टन हाताने वर आणायचा. दोरीची गादी पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या मध्ये आवळली जाते. वीज गेली तरी ती जागची हलत नाही. सुती दोरी नको, तिचे तंतू आत राहतात. नायलॉनचंही टोक मेणबत्तीवर वितळवून घ्यायचं.

ही अडाण्याची युक्ती वाटत असेल तर एक सांगतो. सेस्ना १७२ सारख्या शिकाऊ विमानांत लायकोमिंग कंपनीची इंजिनं असतात. व्हॉल्व्ह गाईडमध्ये अडकू नये म्हणून सिलिंडर न उतरवता गाईड साफ करायची कृती त्या कंपनीच्या १४२५ क्रमांकाच्या अधिकृत सूचनापत्रात आहे. व्हॉल्व्हला आधार द्यायला तिथेही प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरीच घालतात.

मेस्त्रींकडे गाडी न सोडता मी गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडली. रॉकर काढले. हेडवरच्या तेलाच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. स्प्रिंगवरच्या वाटीवर पान्याची पोकळ गोटी ठेवून हातोडीचा एक ठोका दिला की कॉटर सुटतात. कॉटर म्हणजे वाटीला दांड्याशी अडकवणारे दोन अर्धे तुकडे, हरभरा भरडल्यावर दोन डाळी होतात तसे, आणि जेमतेम तेवढेच. गोटीच्या पोटात जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवलं होतं, डाळी त्याला चिकटून वर आल्या. पाच जोड्या आल्या. सहावीतली एक डाळ उडाली आणि अर्ध्या तासाने तुळशीच्या कुंडीत सापडली, त्याच चुंबकाला.

जुनी टोपी पकडीने पिळून ओढली. नखाने वाजवली तर बांगडीच्या काचेसारखी टकटकली, चिमटीत दाबली तर तडकली. नवी दाबून सोडली की पुन्हा गोल. ती सरळ दांड्यावर ढकलायची नाही. कॉटरच्या खाचेची धार तिचा ओठ कापते. दांड्याच्या टोकावर प्लास्टिकच्या स्ट्रॉचा तुकडा चढवायचा, त्यावर तेलाचं बोट फिरवायचं, टोपी त्यावरून उतरवायची आणि मापाच्या गोटीने दाबत बसवायची. बसली की हाताला कळतं, ठप्प असा आवाज येतो.

स्प्रिंग परत दाबणं हे खरं कष्टाचं. त्यासाठी पाइपचा तुकडा घेऊन बाजूला बोट जाईल एवढी खिडकी कापली. वर लोखंडी पट्टी, तिचं एक टोक रॉकरच्या बोल्टखाली अडकवलं आणि दुसरं मी दाबलं. मुलाने ग्रीस लावून कॉटर खिडकीतून चिकटवले. सकाळी आठला सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. सरावलेला माणूस याच्या निम्म्या वेळात करेल. मेस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "दोरीचं शेपूट भायेर ठेवलंवतं न्हवं?" ठेवलं होतं. ते आत गेलं तर सगळं मुसळ केरात.

पुढच्या महिन्यात कुंभार्ली उतरलो तेव्हा आरशात मागचा मोटारसायकलवाला मोकळ्या तोंडाने येत होता. दोरी धुऊन पुन्हा गॅलरीत बांधली आहे. मधल्या हातभर भागाचा काळा डाग निघाला नाही, तिथे पांढरे कपडे घालायची मला मनाई आहे.