खोंडाचे दात आणि मोटारीची सीसी

आमच्या मलकापुरात ढेबेवाडी फाट्यावर उभं राहिलं, की एका बाजूला पुणे-बंगळूर हायवेवरून मोटारी पळताना दिसतात आणि दुसऱ्या बाजूला कुठल्या तरी गावच्या यात्रेचा फलक दिसतो. यात्रांचे दिवस सुरू झाले की या फलकांना ऊत येतो. पालखी, कुस्त्या, तमाशा यांच्या शेजारी ठळक अक्षरांत 'बैलगाडी शर्यतींचे जंगी मैदान' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आदत', 'दुसा', 'चौसा', 'ओपन', 'एक आदत एक बैल' असे गट. मुंबईहून आलेला पाहुणा मोठी अक्षरं वाचतो. बैल पाळणारा माणूस फक्त बारीक अक्षरं वाचतो, कारण त्याचा खोंड पळणार की घरी बसणार हे तिथं ठरलेलं असतं.

यातल्या 'आदत' या शब्दाची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे. आमच्या घरातल्या बोलीत आदत म्हणजे सवय. मैदानावर मात्र आदत म्हणजे ज्यानं अजून कायमचे दात लावलेले नाहीत असा खोंड. दोन्ही शब्द कानाला सारखेच, पण एकमेकांशी त्यांचं काही नातं नाही. तरीही वाटतं, की पळायची सवय लावायचं वय हेच असतं, तेव्हा कुणी दोन्ही अर्थ एकाच दावणीला बांधले तर बिघडलं कुठं?

हे दातांचं गणित नीट समजून घ्यायला हवं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. सगळा हिशोब खालच्या आठ दातांवर. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की दुधाचे मधले दोन पडून कायमचे दोन येतात, तो दुसा. चार आले की चौसा. पुढं सहा आणि मग आठही पुरे झाले की बैल 'जुळला' असं म्हणतात. जनावराला जन्मदाखला नसतो, त्यामुळं शेतकऱ्यानं वय मोजायची ही जुनी रीत शर्यतीच्या मैदानावर जशीच्या तशी उचलली. पंच खोंडाचं तोंड उघडून ओठ खाली ओढतात आणि गट ठरवतात. अर्थात दात काही पंचांग बघून येत नाहीत. एखादा खोंड उशिरा दात लावतो, त्याच्या मालकाला सहा महिने जास्त आदत गटात मिळतात, आणि मग वाद होतात. ते वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. आठ दातांवरून माणसं इतकी हातघाईवर येऊ शकतात हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भानगड कशासाठी? सगळ्यांना एकदम सोडा, जो पहिला येईल तो जिंकला. पण तसं केलं तर दुसऱ्या वर्षी मैदानात चार-पाच श्रीमंतांचे बैल सोडले तर कुणी येणार नाही. गट आहे म्हणून दोन एकरवाला माणूस एक खोंड पाळून मैदानात उतरतो. आणि 'एक आदत एक बैल' हा गट तर मला फार हुशारीचा वाटतो. एका बाजूला कोवळा खोंड, दुसऱ्या बाजूला मुरलेला बैल. ज्याच्याकडं फक्त खोंड आहे तो दुसऱ्याचा बैल जोडीला घेतो. याला आमच्याकडं 'पैरा' म्हणतात. शब्द शेतीतलाच. माझा एक बैल, तुझा एक बैल, मिळून एक औत. नांगर ट्रॅक्टरनं नेला, पैरा मात्र छकड्याला जुंपून टिकला.

मोटारींच्या शर्यतींचा इतिहास वाचला तर तिथंही हाच झगडा दिसतो. युरोपात शर्यती सुरू झाल्या तेव्हा जो तो मोठ्यात मोठं इंजिन बसवू लागला. गाड्या आवरेनात. म्हणून १९०२ साली नियम आला, की गाडीचं वजन एक हजार किलोच्या आत असलं पाहिजे. हेतू असा, की वजन कमी म्हणजे इंजिन लहान. कारखानदारांनी काय करावं? इंजिन मोठंच ठेवलं आणि सांगाड्याला भोकं पाडून वजन उतरवलं! नियम करणारा एक पाऊल पुढं गेला की पळवणारा दोन पावलं पुढं जातो, ही गोष्ट मोटारीत आणि बैलात सारखीच. पुढं वजनाऐवजी इंजिनाच्या आकारमानावर, म्हणजे सीसीवर गट पाडण्याची पद्धत रुळली. मोटारीचे दात मोजायला सुरुवात झाली म्हणा ना!

आपल्या देशात हौशी मोटारवाल्यांचा मोठा अड्डा होता मद्रासजवळचं शोलावरम. दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला आणि त्या धावपट्टीवर अनेक वर्षं शर्यती झाल्या. पुढं १९९० मध्ये क्लबची स्वतःची वाट श्रीपेरुंबुदूरजवळ तयार झाली. परदेशी गाड्या आणायला बंदी, त्यामुळं सामान्य हौशी माणसाच्या हाती घरचीच गाडी. हेरॉल्ड ९४८ सीसी, फियाट १०८९, ॲम्बेसेडर १४८९. या तिघींना एका रेषेवर उभं करून एकच बक्षीस लावलं असतं तर त्यात काय राम? १९८३ च्या डिसेंबरात ७९६ सीसीची मारुती आली आणि थोड्याच वर्षांत तिचंच इंजिन बसवलेल्या एका आसनाच्या गाड्यांचा 'फॉर्म्युला मारुती' हा गट निघाला. सगळ्यांना इंजिन सारखं, मग फरक उरला तो चालवणाऱ्याचा. नारायण कार्तिकेयन याच गटातून पुढं आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचला. स्वस्तातला, लहान गट नसता तर तो कुठून सुरुवात करता?

अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लबची, म्हणजे १९४४ साली निघालेल्या संस्थेची गोष्टही अशीच. गावातल्या रस्त्यांवर शर्यती व्हायच्या. १९५२ मध्ये वॉटकिन्स ग्लेन गावात एक लहान मुलगा गाडीखाली गेला, आणि शर्यती रस्त्यावरून हलल्या. काही वर्षं तर त्या हवाई दलाच्या तळांवर भरल्या. त्या क्लबात बरीच वर्षं रोख बक्षीस द्यायलाच मनाई होती. हौस म्हणजे हौस, असा बाणा. आपल्याकडं मात्र बक्षिसाशिवाय मैदान भरत नाही, पूर्वी ढाल, निशाण, भांडं असायचं एवढंच.

आपल्या भागात नियमसुद्धा दर पन्नास मैलांवर बदलतात. पुण्याकडं जुन्नर, खेड, आंबेगावात घाटातला गाडा पळतो, चार बैल, पुढं घोडी, आणि निकाल घड्याळावर. एका वेळी एकच गाडा, लढत सेकंदांशी. आम्हा सातारकरांकडं शेजारी शेजारी चाकोऱ्या पाडलेल्या, चिठ्ठी टाकून चाकोरी मिळते, गट, सेमी आणि फायनल. चाकोरी सोडली की गाडी बाद. सांगली-कोल्हापूरच्या बाजूला आरत-परत, म्हणजे लांब जाऊन वळसा घेऊन यायचं. छकडा हाकणाऱ्याला आमच्याकडं 'ड्रायव्हर' म्हणतात आणि सुरुवातीला बैल धरून सोडणाऱ्याला 'सुट्टी मेकर'. इंग्रजी माणसाला हा शब्द सांगितला तर तो शाळेचा शिपाई समजेल.

हे सारे नियम तोंडी. यात्रा कमिटी ठरवील तो कायदा. पण या कायद्यात एक मोठं भोक होतं. माणसांमधला न्याय त्यात नीट पाहिलेला होता, जनावराचा कुणी विचारच केला नव्हता. चाबूक, टोचणी, बॅटरीचा शॉक, शेपटी पिरगाळणं, हे सर्रास चालायचं. शर्यतीचे चाहते आज हे दडवतात, ते मला पटत नाही. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारनं बैलाचं नाव खेळाला न वापरायच्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. त्या निकालावर चिडणाऱ्यांनी निदान एवढं तरी कबूल करावं, की तो आकाशातून पडला नव्हता.

बंदीत भरडला गेला तो मात्र शॉक देणारा नव्हे, पैदास करणारा. माणदेश, आटपाडी, खरसुंडी, म्हसवड हा खिलार जनावरांचा मुलूख. ट्रॅक्टर आल्यावर खिलार खोंडाला गिऱ्हाईक उरलं होतं ते मुख्यतः शर्यतीचं, तेही गेलं. शिवाय २०१५ पासून राज्यातली हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. म्हणजे जनावर पाळायचं कशासाठी आणि किती दिवस, या प्रश्नाला उत्तरच राहिलं नाही.

२०१७ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीत 'बैलगाडा शर्यत', 'छकडी' आणि विदर्भातला 'शंकरपट' ही तिन्ही नावं आली, आणि आमच्या यात्रेतला शब्द सरकारी राजपत्रात छापला गेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती पुन्हा रोखल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे गावी आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी मोडून शर्यतीचा घाट घातला, त्याची चर्चा राज्यभर झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

आता लेखी नियम आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, जनावरांच्या डॉक्टरांची तपासणी, धाव एक हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक बंद. मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. गंमत पाहा, युरोपात एक हजार किलो, इथं एक हजार मीटर!

या सरकारी कागदात एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे गट. आदत कोण आणि ओपन कोण, हे अजूनही यात्रा कमिटीच ठरवते. आणि कमिटीवर आता बक्षिसाचं ओझं आहे. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मैदानात थार गाडी बक्षीस लागली, २०२५ मध्ये फॉर्च्युनर. नामांकित बैलांची किंमत लाखांत गेली. मोठं बक्षीस ओपनला, तर गर्दी आणि कॅमेरा ओपनकडं. उद्या एखादी कमिटी म्हणेल, आदत गटाला वेळ कशाला घालवा, सरळ ओपनच घ्या. तसं झालं तर सरकारचा एकही नियम मोडलेला नसेल, आणि खरसुंडीच्या बाजारातला खोंड मात्र पुन्हा दावणीलाच राहील. मी ओळखीच्या कमिटीवाल्यांना एवढंच सांगत असतो, की बक्षिसाचा आकडा लहान करा हवा तर, पण फलकावरची ती बारीक अक्षरं काढू नका. त्यातले काही ऐकतात. काही म्हणतात, 'कवी, तुम्ही मुशायरा सांभाळा.'