रात्रीची गाडी आणि चालकाची झोप



आपल्या तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर सकाळी सहाच्या सुमारास जरा उभे राहून पाहा. वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरत असतात. मुंबईहून रात्री निघालेली मंडळी डोळे चोळत आपापल्या पिशव्या शोधत असतात. आपल्याच गावातून आदल्या संध्याकाळी भरून गेलेली भाजी त्या वेळी शहरच्या बाजारात विकलीही गेलेली असते. हे सारे ज्याच्या हातून घडले, तो चालक मात्र तोंडावर पाणी मारून पाठ टेकायला जागा शोधत असतो. आपण झोपलो होतो तेव्हा जो जागा होता, त्याच्या कामाचा इतिहास आज आपल्याला पाहायचा आहे. रात्रीच्या पाळीने त्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, एवढाच आपला प्रश्न.

रात्रीचा प्रवास मोटारीने आणला, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. उन्हाळ्यात बैलगाडीवाले रात्रीच चालत. कारण साधे होते. उन्हात बैल धापा टाकतो, त्याला पाणी जास्त लागते, आणि वाटेत पाणी मिळेलच असा भरवसा नसतो. म्हणून दिवस कलला की गाडी जुंपायची, रात्रभर चालायचे, आणि ऊन चढायच्या आत एखाद्या ओढ्याकाठी गाडी सोडायची. १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल चाकांवर बसून कोकणात उतरू लागला.

माझे आजोबा गुळाच्या ढेपा गाडीत भरून कराडच्या पेठेला नेत. ते सांगत, "आम्ही दहा-दहा गाड्या एका माळेनं चालायचो. पुढचा गाडीवान जागा राहायचा. मागचे सगळे डुलक्या काढायचे." आसाखाली कंदील टांगलेला, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, आणि गाडीवान ढेपांवर घोंगडी टाकून पडलेला! त्याचा डोळा लागला तरी बैल वाट सोडत नसत. पुढे खड्डा आला की थांबत, समोरून गाडी आली की बाजूला सरत. म्हणजे, नीट पाहिले तर, ती गाडी हाकणारे तिघे होते : एक माणूस आणि दोन जनावरे. तिघांतल्या एकाला झोप आली तरी चालून जाई. चोरचिलटांचे भय होते, थंडी होती, हे खरे. तथापि झोप हा गाडीवानाचा वैरी नव्हता. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू या, कारण पुढचा सारा इतिहास हिच्याभोवती फिरतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. दहा वर्षांनी, १८६३ साली, बोरघाटातून लोहमार्ग चालू झाला. या घाटात कोठे कोठे सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. आगगाडी रात्रंदिवस चालणारी. तिला ऊन नाही की तहान नाही. मात्र तिला बैलाचे शहाणपणही नव्हते. रुळांनी गाडीला वाट सोडू दिली नाही, म्हणजे बैलाचे अर्धे काम रुळांनी केले. समोर धोका दिसला की थांबण्याचे उरलेले अर्धे काम मात्र ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येऊन पडले.

रेल्वेने हे ओळखले. इंजिनावर ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन असे. सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने तो तसाच उच्चारायचा, ही पद्धत लोको पायलटांमध्ये आजही आहे. मुक्कामाच्या स्थानकांवर इंजिनवाल्यांसाठी झोपण्याच्या खोल्या बांधल्या गेल्या, त्यांना 'रनिंग रूम' म्हणतात. पुढच्या काळात इंजिनातच असे यंत्र बसवण्यात आले, की चालकाने ठराविक वेळात काहीच हालचाल केली नाही तर ते त्याला इशारा देते, आणि तरीही प्रतिसाद आला नाही तर ब्रेक लावते. बैल गेल्यावर बैलाच्या जागी काय काय बसवावे लागले, ते पाहा!

कामाच्या तासांची कथा मात्र लांबत गेली. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने कामाच्या तासांचा करार केला. भारताने तो १९२१ साली मान्य केला. १९३० साली रेल्वे कायद्यात दुरुस्ती होऊन सतत चालणाऱ्या कामाला आठवड्याला सरासरी ६० तासांची मर्यादा आली. १९४७ साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्याने ती ५४ तासांवर आणली. एवढ्यानेही इंजिनचालकांचे समाधान झाले नाही, कारण एकेका खेपेला किती तास जागायचे हा प्रश्न उरलाच होता. १९७३ साली त्यांनी संप केला, तेव्हा एका खेपेचे काम दहा तासांपेक्षा जास्त नसावे, ही मागणी सरकारने मान्य केली. अंमलबजावणी रेंगाळली. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपातही कामाचे तास हा एक मोठा मुद्दा होता. विश्रांती ही मागून आणि भांडून मिळवावी लागली, असा याचा अर्थ.

आता रस्त्यावर येऊ. मोटारीला रूळ नाहीत आणि बैलही नाहीत. वाट धरणे, धोका ओळखणे, थांबणे, ही तिन्ही कामे एका माणसाकडे आली, आणि तीसुद्धा डांबरी रस्त्यावरच्या वेगात. म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने बंधने घातली : सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि आठवड्याला ५४ तासांची सीमा. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला पहिली सरकारी एस. टी. धावली. एस. टी. वाढत गेली आणि रातराणी गाड्या आल्या. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, आठवड्याला एक सुट्टी दिली, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती सांगितली. २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत हा विषय सामावून घेण्यात आला.

कायदा चांगला होता. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता. एका-दोन ट्रकांचा मालक सामान्यतः त्याच्या बाहेर राहिला. आणि आपल्या खेड्यांतली कितीतरी मुले गाडी चालवायला शिकून जातात, ती अशाच मालकांकडे. माझे वडीलही असेच गेले.

आम्ही त्यांना आण्णा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावातून आले आणि भाजी भरून ते मुंबईला जात, आधी भायखळ्याच्या बाजारात आणि पुढे वाशीला. संध्याकाळी निघायचे, पहाटेच्या आत पोचायचे, माल उतरवून परत फिरायचे. घरी आले की पोत्याचा पडदा लावून झोपायचे. आई आम्हा भावंडांना कुजबुजत बोलायला लावी. लहानपणी आण्णांचा चेहरा मला आठवतो तो बहुधा डोळे मिटलेला.

परंतु झोपायला तरी कुठे मिळायचे? दीड एकर रान होते. "दिवसा मोकळाच असतोस की," असे म्हणून कुणी पाणी धरायला बोलवायचे, कुणी सोसायटीत सही करायला. आण्णा उठून जात. एका रात्री खंबाटकीचा घाट उतरल्यावर, शिरवळच्या अलीकडे, त्यांचा डोळा लागला. क्लीनर ओरडला म्हणून जाग आली, तेव्हा ट्रक रस्ता सोडून नांगरटीत शिरला होता. पुढे दहा पावलांवर विहीर होती. मालकाने काचेचे पैसे पगारातून कापले. "झोपलास कसा?" असे विचारले. "झोपला होतास कधी?" असे मात्र कुणी विचारले नाही. आम्हीही नाही.

श्रोतेहो, आण्णांना वाटायचे की चूक आपलीच, आपण मनाने कच्चे पडलो. आज शास्त्र काही वेगळे सांगते. १९३८ साली नथानिएल क्लाइटमन नावाचे अमेरिकन संशोधक एका सहकाऱ्यासह केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तिथे ऊन नाही, दिवस-रात्र नाही. दिवस २८ तासांचा मानून झोपायची-उठायची त्यांनी सवय करून पाहिली. तरुण सहकाऱ्याला ती बरीचशी जमली. क्लाइटमन यांच्या शरीराचे तापमान मात्र जुन्या चोवीस तासांच्याच तालावर चढत-उतरत राहिले. शरीरात एक घड्याळ असते आणि ते हुकमाने फिरत नाही. या घड्याळाचे पेशींमधले यंत्र उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहापर्यंत हे घड्याळ माणसाला झोपेकडे ओढते. निर्धाराने जागणाऱ्यालाही ओढते.

आणखी एक गोष्ट. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाच्या हातांची आणि नजरेची चपळाई, रक्तात शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्याला तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे! सकाळी सहाला उठून दिवसभर रानात राबलेला आणि रात्री अकराला स्टिअरिंगवर बसलेला माणूस थेंबही न घेता या स्थितीत असतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत किती मीटर जाते? उत्तर येते पन्नास. तीन सेकंद म्हणजे एक डुलकी.

मग रात्रीच्या पाळीत चांगले काहीच नाही का? तसे नाही. रस्ता मोकळा असतो. टायर आणि इंजिन तापत नाहीत. नाशवंत माल थंडाव्यात पोचतो. मोठ्या शहरांत दिवसा काही वेळ अवजड वाहनांना बंदी असते, तेव्हा रात्र हाच उपाय उरतो. प्रवाशाचा एक दिवस वाचतो. चालकाला कोठे कोठे भत्ता मिळतो, वर्दळीचा त्रास कमी होतो. हे सगळे फायदे खरे आहेत. पण मोजून पाहिले तर यातले बहुतेक फायदे मालाचे, गाडीचे, बाजाराचे आणि प्रवाशाचे आहेत. तोटे मात्र एकट्या चालकाच्या वाट्याला येतात : उडालेली झोप, बिघडलेले पोट, वाढत्या मुलांशी तुटलेले बोलणे, आणि समोरच्या प्रकाशझोताने दिपलेले डोळे.

आणि एक फायदा असा सांगितला जातो, की जो फायदाच नव्हे. "दिवस मोकळा मिळतो" हा तो. रात्री जागणाऱ्याचा दिवस मोकळा नसतो, ती त्याची रात्र असते. ती आपण शेतीला, लग्नाकार्याला, सोसायटीच्या सभेला वापरली, की रस्त्यावर त्याची भरपाई होते.

यात सरकारने करायचे ते सरकारने करावे, मालकाने करायचे ते मालकाने. लांबच्या खेपेला दुसरा चालक, वाटेत झोपायला स्वच्छ जागा, डुलकी घ्यायला थांबला म्हणून पगार न कापणे, हे त्यांचे काम. चालकानेही हे जाणावे, की चहाने झोप थोडी लांबते, फिटत नाही. डोळा जड झाला की गाडी सुरक्षित जागी घेऊन पंधरा-वीस मिनिटे झोपावे. त्यात कमीपणा नाही.

परंतु काही काम आपले, गावाचेही आहे. आपल्या आळीत कुणी रात्री गाडी चालवून आला असेल, तर त्याच्या दारात लाउडस्पीकर नको, दुपारी हाका नकोत, आणि "दिवसा झोपतो" म्हणून टिंगल तर मुळीच नको. शेताचे पाणी दुसरा कुणी धरील.

त्या रात्रीनंतर आण्णांनी एक नियम केला. झोप आली की ट्रक कडेला घेत, आणि उशीर झाला तर मालकाचे बोलणे ऐकून घेत. आजोबांना हे कळले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वेळी हे काम बैल करायचे." बैल आता जुंपता येत नाहीत. तेव्हा त्यांच्या वाटचे जागणे आपण सगळ्यांनी थोडे थोडे वाटून घ्यायला हवे.