चेक भाषेची कसोटी

परभाषेंतील शब्दास घरचा प्रतिशब्द देणें हें केवळ पंडितांचें काम, असें पुष्कळांस वाटतें. चेक भाषेचा इतिहास पाहतां आम्हांस त्यांत एका भाषेच्या जगण्यामरण्याचा प्रश्न दिसतो.

इ. स. १६२० च्या पराभवानंतर बोहेमियांत राजकारभार व विद्या यांची भाषा हळूहळू जर्मन झाली. चेक मुख्यत्वें सामान्य जनांच्या तोंडीं उरली. अशा भाषेंत योसेफ युंगमान यानें १८११ सालीं मिल्टनचें ‘पॅरडाइज लॉस्ट’ हें इंग्रजी महाकाव्य उतरविलें. उणे पडलेले शब्द त्यानें कांहीं जुन्या चेक ग्रंथांतून, कांहीं पोलिश व रशियन या भगिनीभाषांतून घेतले, तर कांहीं स्वतः घडविले. पुढें १८३४ ते १८३९ या काळांत त्याचा पंचखंडात्मक कोशही निघाला.

सर्वच नवे शब्द जगले नाहींत. इंग्रजांच्या फुटबॉलास ‘लाथाडणें’ या अर्थाच्या धातूवरून ‘कोपाना’ हें नांव मिळालें, तरी ‘फोतबाल’ही रूढ राहिला. उलट, कारेल चापेक याच्या १९२० च्या नाटकांतील ‘रोबोट’ इंग्रजीनेंच उचलला!

शब्द घडवितात पंडित. त्यांस आयुष्य देतात लोक, हेंच खरें.