वुलकॉटच्या जिभेची किंमत

मराठी वृत्तपत्रांत नाटकाची जाहिरात आणि नाटकाचे परीक्षण पुष्कळदा शेजारी-शेजारी नांदतात. जालन्यासारख्या ठिकाणी मराठी शिकवणाऱ्या आम्हांला या शेजाराचे महत्त्व विशेष वाटते. कारण मुंबई-पुण्याचे नाटक दौऱ्यावर इकडे येण्याआधी त्याचे परीक्षण येऊन पोहोचलेले असते. ते परीक्षण निर्भीड राहते ते कोणाच्या बळावर, असा प्रश्न पडला की आम्हांला अमेरिकन नाट्यसमीक्षक अलेक्झांडर वुलकॉट (१८८७–१९४३) आठवतो.

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या या समीक्षकाची जीभ तिखट होती. मार्च १९१५मध्ये ‘टेकिंग चान्सेस’ या नाटकावर त्याने नापसंतीचे परीक्षण लिहिले. नाटक होते शूबर्ट बंधूंचे, म्हणजे न्यूयॉर्कमधील बलाढ्य नाट्यगृहमालकांचे. ‘दुसरा समीक्षक पाठवा’ ही त्यांची मागणी पत्राने धुडकावली. वुलकॉट पदरचे तिकीट काढून गेला, तर त्याला दारातच अडवले. प्रकरण न्यायालयात गेले. १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने कौल दिला तो मालकांना: वंश, वर्ण वा धर्म पाहून प्रवेश नाकारणे बेकायदा, नावडत्या समीक्षकाला नाकारणे बेकायदा नव्हे. वुलकॉट खटला हरला. पण बंदी टिकली नाही. पत्राचे मालक अ‍ॅडॉल्फ ऑक्स यांनी शूबर्टांच्या जाहिराती घेणेच थांबवले होते. अखेर शूबर्टांनीच माघार घेतली.

पुढे हाच वुलकॉट नभोवाणीवर आला. १९३३पासून सीबीएसवर त्याचा ‘टाउन क्रायर’, म्हणजे आपल्याकडचा दवंडीवाला, लोकप्रिय झाला. येथे त्याची जीभ बरीच गोडही होती; ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’सारख्या पुस्तकाला त्याच्या शिफारशीने असंख्य वाचक मिळाले. मात्र प्रायोजक असलेल्या ‘क्रीम ऑफ व्हीट’ या न्याहारीच्या लापशीच्या कंपनीला त्याचे हिटलर-मुसोलिनींवरील टोमणे खटकू लागले. ते आवरण्यास त्याने नकार दिला आणि कार्यक्रम बंद पडला. १९३७ साली तो परतला, तो दुसऱ्या प्रायोजकाच्या पैशावर.

माणूस तोच, जीभ तीच. वृत्तपत्रात ती वाचली, कारण मालकाने जाहिरातीवर पाणी सोडले. नभोवाणीत असे पाणी सोडणारा कोणी उभा राहिला नाही.

समीक्षक म्हणून वुलकॉट फार खोल होता, असे आम्हांस वाटत नाही. विश्लेषणापेक्षा आवड-नावड हेच त्याचे भांडवल. कॉफमन आणि हार्ट यांनी ‘द मॅन हू केम टू डिनर’ (१९३९) या नाटकात रंगवलेले त्याचे व्यंगचित्र त्याच्या परीक्षणांहून अधिक टिकले. पण आपल्या बोलण्याशी तो प्रामाणिक राहिला. २३ जानेवारी १९४३ रोजी हिटलर आणि जर्मनी याच विषयावरील थेट प्रक्षेपित चर्चेत तो कोसळला आणि त्याच रात्री गेला.

समीक्षेचा इतिहास शिकवताना आपण समीक्षकांची मते सांगतो. ती मते नुकसान सोसून छापणाऱ्या मालक-संपादकांची नावेही त्या इतिहासात यायला हवीत.